काशाच्या ढालीने पट्टा तोडला

फार पूर्वी डोंगराळ ग्रीस देशात लिकोन नावाच्या सैनिकाकडे एक भलीमोठी काशाची ढाल होती. एका लढाईत शत्रूचे हलके शिपाई चढावरून धावत येत, भाले फेकत आणि पसार होत. लिकोन धापा टाकत मागे पडला. ढालीचा जीव खालीवर होऊ लागला.

“मला टाकू नकोस रे, ढाल टाकणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही!” ती विनवू लागली.

लिकोनच्या शेजारी लढणाऱ्या एका मेंढपाळाच्या हातातली वेताची ढाल उसळून म्हणाली, “थोरल्या बाई, भाल्याआधी तुमच्या ओझ्यानेच मरेल तो!”

लिकोनने गुडघा टेकला. समोर भाला उगारला गेला. तेवढ्यात काशाच्या ढालीने आपला पट्टा स्वतःच तोडला आणि ती दरीत गडगडत गेली. ओझं उतरताच लिकोन भाला चुकवून पळत सुटला.

“ढाल टाकून पळाला, भित्रा!” सोबती ओरडले.

दरीत पडलेली ढाल मात्र घराकडे धावणारी लिकोनची पावलं ऐकत होती.