ऐरणीला एकच शब्द कळे

एका राज्यात सगळं पुरेसं होतं, आणि दुखणं तिथंच सुरू झालं. शेतात ज्वारी पिके, मागावर लुगडी विणली जात, घाण्यातून तेल गळे, भट्टीत काच वितळून तिच्या हिरव्यागार बांगड्या होत. राजाची तांब्याची नाणी कोष्ट्याकडून तेल्याकडं जात, तेल्याकडून शेतकऱ्याकडं, शेतकऱ्याकडून कासाराकडं, आणि फिरून पुन्हा कोष्ट्याकडं येत. नाणी थोडी होती, पण फिरती होती, म्हणून कुणाचं काही अडत नसे.

राजाचं नाव उदयभान. मनानं वाईट नव्हता हो, पण माणूस मानाचा भुकेला. एकदा शेजारच्या राज्यात लग्नाला गेला, आणि तिथं त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं! झालं. घरी आल्यावर त्याला अन्न गोड लागेना.

भर दरबारात तो म्हणाला, "प्रधानजी, आम्हाला कुणी भाव देत नाही. आमच्या राज्यात वाढ नाही. आम्हाला वाढ हवी."

प्रधान गुणनिधी म्हणाला, "कशाची वाढ, महाराज? धान्याची, कापडाची, की रयतेच्या सुखाची?"

"उगाच फाटे फोडू नका. वाढ म्हणजे वाढ!"

अहो, भरल्या घरात जपून बोलावं. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत फिरत असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, राजाला नव्हतं. त्याचं वाक्य संपतंय तोच दरबाराच्या दारात धूर दिसला आणि धुरातून मांत्रिक धूम्रकेश आत आला. भर दुपार होती आणि त्याला सावली नव्हती. सगळ्यांनी ते पाहिलं.

"राजा, वाढ हवी?"

"हवी."

"मग ही ऐरण घे, हा घण घे. यांना तुझ्या तोंडचा तो एकच शब्द कळतो. तो उच्चार, नाणी पडतील."

"मोल काय?"

"नाण्यावर तुझा चेहरा उमटेल. एवढंच."

राजा खूश झाला. त्याला वाटलं, हे कसलं मोल, हा तर मान! पडद्याआड सोनकळा राणी बसली होती. तिच्या अंगावर काटा आला. पण भरल्या दरबारात बोलायचं कसं?

राजा ऐरणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वाढ."

घण आपला आपण उठला आणि आपला आपण पडला. खण्ण! एक कोरं नाणं उडून राजाच्या पायाशी आलं. त्यावर राजाचा चेहरा होता, अगदी भुवईवरच्या तिळासकट. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि पुढं मोजदाद राहिली नाही.

ऐरण टाकसाळीत नेऊन ठेवली. सुरुवातीचे दिवस दिवाळीचे गेले. टाकसाळीच्या दारात जो उभा राहील त्याला ओंजळ भरून नाणी मिळत. कोष्टी म्हणाला, माग कशाला हलवू? तेली म्हणाला, घाणा कशाला फिरवू? सगळे नाणी घेऊन बाजारात गेले. बाजारात ज्वारी होती तेवढीच होती, लुगडी होती त्याहून कमी होती, आणि घेणारे मात्र टोपल्या भरभरून नाणी आणत होते. काल एका नाण्याला मिळणारी पायलीभर ज्वारी आज ओंजळभर नाण्यांना मिळेना. दुसऱ्या दिवशी टोपलीभर लागली. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "टोपली ठेवा, ती कामाची आहे. नाणी घेऊन जा." हसू नका. ज्या घरात लेकरू भुकेनं रडत होतं, त्या घरात कुणी हसलं नाही.

वाढ झाली म्हणता? भावाची झाली.

मग ऐरणीला धातू कमी पडू लागला. एका सकाळी घराघरातली तांब्यापितळेची, लोखंडाची भांडी आपोआप हलली. घागरी गडगडत उंबऱ्याबाहेर पडल्या, तवे रस्त्यानं चालू लागले, नांगराचे फाळ माती सोडून निघाले, मागाचे खिळे, कुऱ्हाडी, विळे, बायकांच्या कानातली फुलं, सगळं टाकसाळीकडं चाललं. माणसं पाठीमागं धावली. एका म्हातारीनं आपली कढई पोटाशी धरली. कढई तिला फरफटत वेशीपर्यंत घेऊन गेली. राणीच्या हातातल्या सोन्याच्या गोठ-पाटल्याही निघून गेल्या. मनगटात उरल्या त्या फक्त काचेच्या बांगड्या.

आणि राजाला आरशात आपल्या भुवया दिसेनात.

आधी वाटलं, उजेड कमी असेल. दुसऱ्या दिवशी गालावरचा व्रण गेला, मग हनुवटीची खळी. जितकी नाणी पडत तितका चेहरा पुसट होई. नव्या नाण्यांवरचा राजाही तसाच, भुवया नसलेला, घासून गेलेला. हे नाणं कुणाचं, असं लोक विचारू लागले. दरबारी मंडळी राजाशी जमिनीकडं बघून बोलू लागली.

राजा टाकसाळीत धावला. "थांब!" तो ओरडला. "पुरे! बस!"

ऐरणीला ते शब्द ठाऊकच नव्हते. गुणनिधी प्रधानानं धीर करून घणाला हात घातला, तेव्हा घण हवेत थांबला आणि सावकाश त्याच्याकडं वळला. प्रधान मागं सरला, तेव्हा कुठं घण पुन्हा ऐरणीवर पडला. त्या दिवसापासून प्रधान टाकसाळीकडं फिरकेना.

राणी खिडकीत बसून रडत होती. तिथं एक साळुंकी येऊन बसली.

"रडून काय होणार, राणीसाहेब?"

"मग काय करू?"

"मांत्रिकाला जाऊन विचारा की ऐरण आणखी कुणाचं ऐकते. तो खोटं बोलत नाही. मेला अर्धंच बोलतो, म्हणून तर लोक फसतात."

राणी टाकसाळीत गेली. धूम्रकेश ऐरणीशेजारी पाय पसरून बसला होता. राणीनं विचारलं, त्याला सांगावं लागलं.

"राजाच्या अर्धांगीचं ती तीनदा ऐकेल. शब्द मात्र तोच. तिन्ही वेळा चुकलीस, ऐरण थांबली नाही, तर राजाचा उरलेला चेहरा जाईल आणि श्वासही जाईल. मग कोऱ्या नाण्यावर माझा चेहरा उमटेल. नाण्यावर ज्याचा चेहरा, राज्य त्याचं."

धोका मोठा होता. पण नवरा डोळ्यांदेखत पुसला जात होता. तिनं विचार केला, नाणी वाढून पोट भरत नाही, पोट धान्यानं भरतं.

ती म्हणाली, "ऐरणी, शेतात वाढ."

घण पडला. क्षणात ज्वारीची ताटं वर चढू लागली. माणसाएवढी झाली, झाडाएवढी झाली, देवळाच्या कळसापल्याड गेली. लोक नाचू लागले. मग कुणीतरी एक कणीस मोडून चोळलं. आत दाणा नव्हता. सगळी वाढ ताटात गेली होती, आणि त्या ताटांच्या सावलीत गावांना दुपारीही दिवे लावायची पाळी आली. राणी महालात परतली तेव्हा राजाचं नाक नव्हतं. तिथं सपाट कातडी होती आणि तो तोंडानं श्वास घेत होता.

राणी रात्रभर तळमळली. सकाळी तिच्या मनात आलं, दाणे अगदीच नाहीत असं कुठं आहे? कुणाच्या पेवात आहेत, कुणाच्या चुलीशी नाहीत. ते सगळ्यांच्या पानात पडले तर?

ती टाकसाळीत गेली. "ऐरणी, सगळ्यांना वाढ."

घण पडला, आणि गल्लोगल्ली पंगती बसल्या. पत्रावळीवर भाकरी आली, पिठलं आलं, वर तेलाची धार आली. दुसरी पंगत म्हणून नव्हतीच. राव-रंक एकाच ओळीत जेवले. कित्येक दिवसांनी लेकरं पोटभर जेवून झोपली. राणी प्रत्येक गल्लीत फिरली आणि आनंदानं रडली.

दुसऱ्या दिवशी बायका वाड्याच्या दारात आल्या. पुढची म्हणाली, "राणीसाहेब, तुमचं चांगलं होवो, कालचं जेवण जन्मात विसरणार नाही. पण पेवं रिकामी झाली. कणग्या रिकाम्या झाल्या. बियाण्याचं गाडगंसुद्धा रिकामं झालं. आता पेरायचं काय?"

शेतं वाढवली तर दाणा भरला नाही, आणि दाणा वाढला तर पेरायला उरला नाही. राणी धावत महालात गेली. राजा मंचकावर बसला होता. डोळे होते तिथं आता काही नव्हतं. कान होते आणि तोंड होतं.

"कोण आहे?" राजा म्हणाला. "राणी, तू आहेस का? अंधार कसा झाला एवढा?"

राणीला हुंदका आवरेना. ती त्याच्याकडं झेपावली, पाय पदरात अडकला, आणि हात दाराच्या चौकटीवर आपटला. काच खळकन जमिनीवर पडली. दुसरा हात टेकायला गेली, तर त्यातल्याही बांगड्या गेल्या. सौभाग्यवतीचे दोन्ही हात ओके झाले, आणि समोर नवरा असा!

राजानं तो आवाज ऐकला.

"राणी," त्यानं विचारलं, "बांगडी वाढली की काय?"

आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. अशुभ बोलायचं नाही, म्हणून वाढली म्हणतात. राजाही आईच्या मांडीवर तेच बोलायला शिकला होता. राणी तुकडे वेचता वेचता थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"काय म्हणालात?"

"बांगडी वाढली का, म्हटलं."

राणी उठली. पदर खोचला, आणि ओक्या हातांनी, अनवाणी, टाकसाळीकडं धावत सुटली. वाटेत लोकांनी तिचे हात पाहिले आणि त्यांना वाटलं, राजा गेला. बायकांनी हंबरडा फोडला. ती थांबली नाही.

धूम्रकेश तिला पाहून उभा राहिला. "आलीस? हा शेवटचा. काय वाढवतेस? आता तू काहीही वाढव, राज्य माझंच."

खोटं कशाला सांगू, राणी घाबरली होती. शब्द चुकला असता तर नवऱ्याचा श्वास गेला असता. तिनं आपले दोन्ही हात ऐरणीसमोर धरले.

"ऐरणी, वाढ. माझ्या हातातली बांगडी वाढली, तशी तू वाढ."

घण वर गेला आणि तिथंच राहिला. ऐरणीला एकच शब्द कळत होता, पण तो तिला पुरता कळत होता. मांत्रिकाला मात्र त्याचा हा अर्थ ठाऊक नव्हता, कारण त्याच्या घरात बांगडी कधी वाजलीच नव्हती. "नाही!" तो किंचाळला. 'नाही' हा शब्द ऐरणीला कुठून कळणार? घण खाली आला, आणि ऐरण मधोमध वाढली. तिच्यापाठोपाठ घण वाढला. धूम्रकेशाचा धूर झाला, तो छपरातून वर गेला, आणि त्या राज्यात पुन्हा कुणाला दिसला नाही.

पण राजाचा चेहरा काही परत आला नाही. तो नाण्यानाण्यांत वाटला गेला होता. साळुंकी म्हणाली, "जितकी नाणी वितळतील, तितका राजा परत येईल."

राणीनं दवंडी पिटवली: नाणी आणा, फाळ न्या; नाणी आणा, तवा न्या. आता बघा माणसाची जात! ज्या नाण्यांना कुत्रं विचारत नव्हतं, ती द्यायला लोकांचे हात धजेनात. म्हणे, उद्या भाव उतरला तर? पहिली आली ती कढई गमावलेली म्हातारी. तिनं घोंगडीत बांधलेली सगळी नाणी भट्टीत ओतली. तिची कढई ओतून झाली, आणि तिकडं महालात राजाची एक भुवई उगवली. मग मात्र रांग लागली. फाळ झाले, विळे झाले, कुऱ्हाडी झाल्या, मागाचे खिळे झाले; कळसापल्याड गेलेली ताटं कापून शेतं मोकळी झाली. कोष्ट्यांनी लुगडी विणून शेजारच्या राज्यात धाडली आणि तिकडून बियाणं आणलं. बाजारात जेवढा माल, तेवढीच नाणी राणीनं फिरती ठेवली. पेरणी सुरू झाली. राजाला नाक आलं, हनुवटीची खळी आली, गालावरचा व्रणसुद्धा आला.

डोळे सगळ्यांत शेवटी आले. राजानं ते उघडले, तेव्हा समोर सोनकळा राणी उभी होती. त्यानं तिचं तोंड पाहिलं, आणि मग तिचे हात पाहिले. मनगटं ओकी होती. राजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"राणी," तो पुटपुटला, "मी गेलो का?"

"नाही हो," राणी म्हणाली, आणि रडता रडता हसली. "काचेची भट्टी अजून पेटायची आहे. सगळे पेरणीला गेलेत. कासाराला लाकडं फोडून द्यायला माणूस नाही."

राजा मंचकावरून उतरला. त्यानं नवी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि कासाराच्या भट्टीकडं चालू लागला.