गेनूचा वजनकाटा

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव गेनू. शाळेत तो बरीच वर्षं हंगामीच होता. हॉटेलवाल्या दामूने त्याला सांगून ठेवलं होतं, "कायम झालास की माझी पोरगी तुला."

त्या वर्षी शासनाला एकाएकी मुलांच्या पोटाची काळजी वाटू लागली. 'निरोगी शाळा' ठरवायला जिल्ह्याचे साहेब येणार होते. मुख्याध्यापक नलावडे गुरुजींनी भिंतीवर 'तळलेले टाळा' असं रंगवून घेतलं आणि रंगाऱ्याबरोबर बसून प्लेटभर भजी खाल्ली.

मग ते गेनूला म्हणाले, "साहेब खूश झाले तर तू कायम. फाटकावर उभा राहा. तेलकट काही आत येता कामा नये."

"बरं गुरुजी."

दुसऱ्या दिवशी वर्ग ओस पडले. चोपून तेल लावलेली सगळी डोकी गेनूने घरी पाठवली होती. पोरींच्या आया फाटकावर जमल्या.

"अरे, डोकी कसली बघतोस?" गुरुजी म्हणाले. "तोंडात जाणारं बघायचं. ते आधी स्वतः चाखायचं, मगच मुलांना द्यायचं."

"असं होय. बरं गुरुजी."

पुढच्या आठवड्यात नर्सबाई जंतांच्या गोळ्या घेऊन आल्या. गेनूने प्रत्येक पाकिटातली एकेक चावून पाहिली. चव सारखीच होती, पण तो शेवटच्या पाकिटापर्यंत खात्री करत राहिला. मग दिवसभर शाळेची घंटा झाली नाही. घंटा वाजवणारा शौचालयात होता.

"औषध चाखतात का रे?" गुरुजी दाराबाहेरून म्हणाले. "नर्सबाईंनी वजनकाटा दिलाय. आधी माणसाला काट्यावर चढवायचं. कमी भरला तर खाऊ घालायचं. जास्त भरला तर मैदानाला फेऱ्या. समजलं?"

"आत्ता समजलं," आतून आवाज आला.

पाहणीचा दिवस उजाडला. मुलं सकाळपासून उन्हात 'तळलेले टाळा' ओरडत उभी होती. इतक्यात दामू भजी-जिलेबीची पातेली घेऊन आला. गेनूने होणाऱ्या सासऱ्यालाही अडवलं. गुरुजी धावत आले.

"सोड रे. ते साहेबांचं आहे."

"पण तेलकट आहे, गुरुजी."

"साहेबांना चालतं. बाकी सगळं तू नियमाने कर." एवढं बोलून गुरुजी हार आणायला आत गेले.

पातेली काट्याशेजारी ठेवून घेऊन गेनूने नियमाने एक भजं चाखलं. तेवढ्यात गाडी आली. आधी पोट उतरलं, मागून साहेब उतरले. गेनूने त्यांना काट्यावर चढवलं. फोटोग्राफर समोर होता म्हणून साहेब हसत चढले. काटा पार टोकाला जाऊन टेकला.

"फेऱ्या, साहेब," गेनू म्हणाला आणि त्याने शिट्टी फुंकली.

मुलांना वाटलं, हाही कार्यक्रमच. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. फोटोग्राफर कॅमेरा रोखून पुढे पळू लागला. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून साहेब धावले. तोवर गेनूने मुलांना एकेक करून काट्यावर घेतलं. सगळी कमी भरली.

गुरुजी हार घेऊन बाहेर आले, तेव्हा साहेब धापा टाकत परतत होते.

"नलावडे, भजी कुठायत?"

पातेल्यात फक्त जिलेबीचा पाक उरला होता.

"हा शिपाई कायम आहे?"

"नाही साहेब. हंगामी."

"हंगामीच ठेवा."

दामू रिकामी पातेली उचलून चालू लागला.

गेनूचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने काटा फडक्याने स्वच्छ पुसला. मग गुरुजींच्या पोटाकडे नीट पाहिलं.

"चढा, गुरुजी," तो म्हणाला. "नियम आहे."