बाकड्याची झिजलेली कड

राजे गेले आणि राजवाड्याचं संग्रहालय झालं, तेव्हाची ही गोष्ट. दरबारात चांदीचं सिंहासन होतं आणि दाराशी एक सागवानी बाकडं. बाकडं उद्या भंगारात जायचं होतं.

"राज्य मी चालवलं. तू नुसतं दाराशी पडून होतंस," सिंहासन म्हणालं.

"माझ्यावर रयत बसायची, अर्ज घेऊन," बाकडं पुटपुटलं. "पण ते आता कोण सांगणार?"

तेवढ्यात जुन्या फर्निचरचा इतिहास शोधणाऱ्या मृदुला किणीकर आल्या. सवयीप्रमाणे त्या झिजेच्या खुणा शोधत आधी सिंहासनाखाली शिरल्या.

"कोरं करकरीत! यावर कुणी फारसं बसलेलंच नाही."

मग त्यांनी बाकड्यावरून हात फिरवला. टेकायची पाठ नव्यासारखी होती. पुढची कड तेवढी झिजून गुळगुळीत झाली होती. त्या थबकल्या.

"इतकी माणसं बसली, पण पाठ कुणीच टेकली नाही! कधी हाक येईल या धाकानं सगळी पुढच्या कडेवरच. राज्य कसं चालायचं, ते या बाकड्याला विचारा."

बाकडं भंगारात न जाता दरबाराच्या मधोमध आलं. सिंहासनापुढे पाटी होती, 'हात लावू नये.' बाकड्यावर नवी लागली, 'पाठ टेकून बसा.'

पहिल्याच दिवशी एक भाजीवाली आली, सिंहासनासमोर बाकड्यावर मांडी घालून बसली आणि खुशाल मागे रेलली. जन्मात पहिल्यांदा बाकड्याच्या पाठीला माणसाची ऊब लागली.