ठकाईची राख

फार वर्षांपूर्वी, कुंभेरीच्या डोंगरात चार-चार महिने सूर्य दिसायचा नाही, त्या काळची ही गोष्ट.

गावाला एक खोड होती. आषाढ लागला की गोठे बंद करायचे. कारवीच्या कुडाला शेणाचा जाड लेप, फटींत गवताचे बोळे, दाराला गोणपाट. गुरं खोकायला लागली की अजून शेण. आणखी खोकली की आणखी शेण. श्रावणात दोन-चार दावी रिकामी व्हायची आणि गाव म्हणायचं, वारं लागलं. कुठल्या फटीतून लागलं, ते मात्र कुणाला सापडायचं नाही.

ठकू ही छपरं शाकारणाऱ्या धोंडूची बायको. धोंडू गेल्यावर कोयता तिनेच उचलला. विधवा बाई छपरावर चढते म्हणून गावाने नाकं मुरडली, पण घर गळायला लागलं की बोलावणं तिलाच यायचं. तिच्या दोन गाई होत्या. एक आदल्या श्रावणात गेली आणि उरली तांबू.

पुढच्या आषाढात तांबूही खोकू लागली. ठकू तिच्या गळ्याशी हात लावून बसली होती, तोच तिच्या मानेवर थेंब पडला. बाहेर तर उघडीप होती. तिने वर पाहिलं. छपराच्या आतल्या अंगाला पाणी लोंबत होतं. गाईचा श्वास, मुताशेणाची वाफ, सगळं वर जाऊन अडकलं होतं आणि परत गाईवरच गळत होतं. ठकूला आधी रडू आलं आणि मग राग आला, तो स्वतःचाच. कुडातली शेवटची फट तिनेच बुजवली होती.

तिने कोयता घेतला. वळचणीखाली वीतभर कूड मोकळा केला. वर आढ्याजवळचं गवत काढलं आणि त्या भोकावर चार काठ्या रोवून गवताची रुंद टोपी बसवली. वाफ बाहेर गेली आणि पाऊस बाहेरच राहिला.

वारा-पाऊस आत घेतला म्हणून गाव चवताळलं. भिवजी पाटलांचे सोळा बैल होते. त्यांनी निरोप धाडला, की भोक बुजव, नाहीतर गाव सोड. ठकू सरळ पाटलांच्या ओट्यावर गेली.

"आबा, तांबूच्या पाठीवर चुलीतली राख टाकते. सात दिसांत पावसानं भिजली तर मी गाव सोडते. न्हाई भिजली तर तुमच्या गोठ्यावर चढणार. तवा अडवायचं न्हाई."

पाटील हसले आणि बरं म्हणाले.

असं म्हणतात, त्या सात दिवसांत ओढ्यातले मासे अंगणात आले. असं म्हणतात, वारा सात वेळा ठकूच्या गोठ्याला प्रदक्षिणा घालून गेला, पण राखेचा कण हलला नाही. आता तांबूने शेपटी मारलीच असणार, एवढं आपल्यालाही कळतं. पण उरली ती राख कोरडी ठणठणीत होती. आठव्या दिवशी पाटलांनी स्वतः बोट लावून पाहिलं आणि मग आपल्या गोठ्याकडे नजर टाकली. त्यांचा गाडीचा बैल तिथे जीभ काढून धापा टाकत होता.

उद्या उघडीप झाली की बघू, असं पाटील म्हणाले.

"बैल उद्यापतुर जगंल का, ते त्यालाच इचारा," ठकू म्हणाली आणि भर पावसात इरलंही न घेता पाटलांच्या गोठ्यावर चढली.

पहिला घाव बसला आणि आढ्यातून वाफेचा लोट उसळला. ठकू खाली उतरली ती थेट शेजारच्या गोठ्यावर चढली आणि मग त्याच्या शेजारच्या. कुणालाही विचारलं नाही. असं म्हणतात, त्या दिवशी कुंभेरीतून ढग वर गेले आणि आभाळातला पाऊस ते बघायला घटकाभर थांबला. पाटलांचा बैल संध्याकाळी उभा राहिला. त्या श्रावणात एकही दावं रिकामं झालं नाही.

आज तिथे गवत जाऊन पत्रे आले. पण गोठ्याच्या आढ्याला अजून हातभर तोंड उघडं असतं आणि त्यावर टोपी. त्याला ठकाई म्हणतात. आषाढाच्या पहिल्या दिवशी घरची बाई गुरांच्या पाठीवर चिमूटभर राख टाकते. सकाळी ती ओली दिसली, तर तोंड बुजलंय नाहीतर टोपी गळतेय, म्हणून बाई कोयता घेते आणि वर चढते. घरात मग कितीही मोठं माणूस असो, त्या दिवशी तिला खाली उतर म्हणत नाही.