चांगुणाची सुरमई

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात चांगुणा नावाची एक कोळीण राहत होती. माशाची पारख करावी तर तिनेच. डोळा पाहिला, कल्ला उचलला, पाठीवर बोट दाबलं, की मासा कधी जाळ्यात आला ते ती सांगायची. बर्फातल्या माशाचं तर नाव काढलेलंही तिला खपत नसे. "ते शिळं मढं माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही," असं ती गावभर सांगत फिरे.

तिची एकुलती एक लेक सुगंधा लग्न होऊन जपानला गेली. तिथे तिला मुलगा झाला, सोरा. तो सहा वर्षांचा झाला, तरी चांगुणाने त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं. फोनला का कुठे कुशीत घेता येतं! त्यात एकदा सुगंधा सहज बोलून गेली, "आये, त्याला सुशी फार आवडते. तिकडच्या आजीच्या मांडीवर बसून खातो."

सुशी म्हणजे भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची चकती. झालं! ते ऐकल्यापासून चांगुणाला दुसरं काही सुचेना. नातवाने आपल्याही मांडीवर बसावं, आपल्या हातचा घास खावा, एवढं एकच तिच्या मनाने घेतलं.

पुढे लेक नातवाला घेऊन चार दिवस माहेरी येणार असं ठरलं. सुगंधाने फोनवर बजावलं, "सुशी करायचीच असेल तर नीट ऐक. सुरी, पाट वेगळा ठेव. हात स्वच्छ धू. आणि मासा बंदरावरच्या शीतगृहात आठवडाभर दगडासारखा गोठवून घे. माशात बारीक किडे असतात. शिजवला की मरतात. कच्चा खायचा तर ते गोठवूनच मारावे लागतात. नुसता ताजा असून भागत नाही, आये."

"हो गं बाई, ठेवते," चांगुणा म्हणाली.

तिने नवी सुरी आणली, नवा पाट आणला, दोन्ही घासून लख्ख केले. मासा मात्र गोठवायला टाकला नाही. पहिल्यांदा घरी येणाऱ्या नातवाला बर्फातलं घालायचं? छे! माशातलं लेकीला जास्त कळतं की आपल्याला?

पाहुणे यायच्या दिवशी ती होडी लागायच्या आधीच किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. आणलेली सुरमई काय होती म्हणून सांगू! डोळे काचेसारखे, कल्ले लालबुंद, बोट दाबलं तर खड्डा लगेच भरून यावा. ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ती जपून घरी आणली.

सोरा आला तो आईच्या मागेच लपला. चांगुणाने हात पसरले, पण तो जागचा हलेना. मग सुगंधाने त्याला सुशीचं सांगितलं आणि त्याचा चेहरा खुलला. हळूच येऊन तो आजीच्या गुडघ्याला टेकून बसला. चांगुणाचं काळीज सुपाएवढं झालं.

तिने सुरमई कापायला घेतली. पहिलाच काप सुटला आणि आत बारीक दोऱ्याचं वेटोळं दिसलं. तो दोरा हलला.

असे किडे तिने जन्मभर पाहिले होते. काढून टाकायचे आणि मासा कालवणात सोडायचा, कुणाला कधी काही झालं नव्हतं. आताही तिने सुरीच्या टोकाने किडा काढला. कुणी पाहिलं नव्हतं. सोरा आ वासून बसला होता. एक घास दिला असता, तर पोर मांडीवर आलंच असतं. पण दिसला तो एक, न दिसलेले किती? चांगुणाचा हात जागच्या जागी थांबला.

"सुगंधे," ती म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं बोलले. मासा गोठवलाच नाही. आत किडा निघाला. हे पोराला द्यायचं नाही."

"आये! एवढं बजावून सांगितलं होतं ना!" सुगंधा चिडली. सुरमई कालवणात गेली. सोरापुढे अंडं-भात आला, तेव्हा तो रडून रडून आईच्या मांडीवर झोपला. दुसरा मासा गोठवायचा तर आठवडा हवा, आणि मुक्काम तर चारच दिवसांचा. तेवढ्या दिवसांत सोरा काही पुन्हा आजीजवळ आला नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी राहिली. सोरा आईच्या मांडीवर बसून हसत होता. सुगंधाचा राग केव्हाच निवळला होता. ती हळूच म्हणाली, "आये, तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं."

चांगुणाचे डोळे भरून आले. "त्याला मांडीवर घ्यायला जीव तुटत होता गं माझा. अजून तुटतोय. पण माझ्या मांडीवर एकदा बसावा म्हणून तो तुझ्या मांडीवर तळमळत पडला असता तर? तुझ्या मांडीवर हसतोय ना, हसू दे."

रिक्षा निघाली. ती वळणाआड गेली तरी चांगुणा रिकाम्या हातांनी रस्त्यातच उभी होती.

तात्पर्य: माया कितीही खरी असो, आपल्या मनाची ओढ भागवण्यासाठी आपल्या माणसाचा जीव पणाला लावू नये.