चुलीखालचं पेव

चुलखेडच्या बाजारात ऐन मधोमध ही मातीची थोरली चूल पाहून पाहुण्यांना नवल वाटतं. एका अंगाला ट्रंकांची दुकानं, दुसऱ्या अंगाला आम्ही शिंपी, समोर सैन्याच्या छावणीचं फाटक आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरच ही चूल. बाजूला हलवा की, असं प्रत्येक नवा माणूस म्हणतो. फौजींच्या गणवेशांवर पट्ट्या शिवता शिवता मी म्हातारा झालो, पण ही गोष्ट सांगायचा कंटाळा काही आला नाही. बसा.

फार पूर्वी इथे बाजार नव्हता, असं सांगतात. होतं एक भित्रं गाव. माळावर घोड्यांची धूळ दिसली की गावातल्या चुली विझायच्या आणि माणसं गुरंढोरं घेऊन डोंगरातल्या घळीत जायची. धूर दिसला नाही तर फौज पुढे निघून जाईल, असा त्यांचा हिशेब. एका आषाढात अशीच एक फौज आली. कुणाची, ते विचारू नका. जो तो आपल्या आवडीच्या राजाची सांगतो.

गाव पळालं. मागे राहिली ठकू, रावजीची नवी बायको. तिच्या सासूला चालवत नव्हतं. आणि अंगणातल्या छपराखाली पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचं तळघर. साऱ्या गावाचं ज्वारीचं बी त्यात होतं. ते लुटलं गेलं तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर गाव उठलंच. ठकूनं पेवाच्या तोंडावरच्या शिळेवर चूल मांडली आणि पेटवली.

सासू ओरडली, "अगं, धूर दिसंल की!"

"दिसू द्या, आत्याबाई. पेटल्या चुलीखाली कोण खणतंय?"

धूर पाहून शिपाई आले. भिजलेले, भुकेले. पीठ त्यांच्याजवळ होतं, पण सरपण ओलं आणि हाताला भाकरीची सवय नाही. ठकू म्हणाली, "पीठ तुमचं, हात माझे. मजुरी पडंल." त्यांच्या सरदाराला हसू आलं. तो कबूल झाला.

डोंगरावरून गावानं धूर पाहिला आणि घर जाळलं असंच धरलं. रावजी छाती बडवत राख गोळा करायला खाली आला, तर अंगणात शिपायांची ही रांग! ठकूनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "रडताय काय? पाणी आणा." बिचारा घागर घेऊन धावला.

मग एकेक जण खाली उतरला. घोड्यांचे नाल झिजलेले पाहून लोहारानं भाता लावला. साळ्यानं फाटके तंबू सांधले, कुंभारानं मडकी विकली. फौज पावसाळाभर राहिली. ज्या तोंडांना गाव भ्यायचं, ती गिऱ्हाइकं निघाली म्हणे.

भादव्यात रानाला वाफसा आला, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली. आता पेव उघडायलाच हवं होतं, आणि फौज तर अंगणात. फौज जाईपर्यंत थांब, असं सगळे ठकूला विनवू लागले. पण वाफसा कुणासाठी थांबतो? तिनं सरळ सरदाराला बोलावलं.

"सरदारसाहेब, ही चूल उचला. खाली आमचं बी हाय. नेलंत तर तुमची भाकरी थापायला इथं कुणी उरणार न्हाई."

सरदारानं स्वतः चूल उचलली, शिळा सरकवली, आत वाकून पाहिलं. आणि तो पोट धरधरून हसला. "पावसाळाभर धान्याच्या डोक्यावर बसून आम्ही आमचंच पीठ खाल्लं!" मग भाकरीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली की या गावातून मजुरीवाचून भाकर नाही आणि मोलावाचून दाणा नाही. पेरणी आटोपेपर्यंत त्यानं पेवावर पहारा बसवला. दसऱ्याला फौज निघाली तेव्हा वेशीवर सगळ्यात मोठ्यानं रडला तो लोहार, असं सांगतात.

तेव्हापासून इथे बाजार भरतो. ट्रंका, बूट, शिलाई, खानावळी, सगळं त्या चुलीच्या धगीवर वाढलं, असं आम्ही मानतो. माझी नात तर आता फौजींच्या घरी डबाबंद ठेचा पाठवते, पार आसामपर्यंत.

आजही भादव्यात पेव उघडतात. नवा जवान आपल्या गावचं पीठ आणतो, आमच्या बायका त्याची भाकरी थापतात आणि मजुरी चोख घेतात. मग तो चूल उचलतो आणि बी वाटून होईपर्यंत पेवावर पहारा देतो. त्याचं तोंड रस्त्याकडे असतं आणि पाठ धान्याकडे.