शेवटचा फटका कुणी अडवला?

डिसेंबरचा तिसरा रविवार, दुपारचे चार. करंजवडे नगरपालिकेचं मैदान. आंतरराष्ट्रीय क्लब फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना या वेळी सुरू व्हायचा होता. झाला नाही, कारण उद्घाटक मंत्री आले नव्हते. स्पर्धा संपायच्या दिवशी उद्घाटन कशाचं, असं आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, प्रथा आहे.

तर या करंजवड्यात तातोबा नावाचा एक भोळा माणूस राहतो. वय चोपन्न. एकोणीस वर्षं तो या मैदानावर रोजंदारीनं पाणी मारतो, रोलर ओढतो, चुन्याच्या रेघा मारतो. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करतो. त्यात पदरचं काही घालत नाही. स्पर्धेचे सरचिटणीस सर्जेराव इंगवले नगरसेवकही आहेत. त्यांनी त्याला शब्द दिला होता.

"तात्या, फायनल बिनतक्रार पार पडू दे. सोमवारी तुला नगरपालिकेत कायम करतो. तक्रार आली, तर सोमवारपास्नं घरी बसायचं."

"व्हय आण्णा."

त्या दिवशी सकाळी मांडववाले बूट घालून हिरवळ तुडवत होते. ते बघून सर्जेराव तापले. "तात्या, बूट घातलेला एक माणूस ग्राउंडात दिसता कामा नये."

"व्हय आण्णा."

सर्जेराव गेले. दहा वाजता काठमांडूचा क्लब सरावाला आला. तातोबानं त्यांना फाटकात अडवलं, सगळ्यांचे बूट काढून घेतले आणि पोत्यात भरले. क्लबचे व्यवस्थापक श्रेष्ठ आडनावाचे, समजूतदार गृहस्थ. त्यांना वाटलं, इकडे देवळासारखं असेल. खेळाडूंनी मैदानाला वाकून नमस्कार केला आणि तासभर अनवाणी सराव केला. दोघांच्या पायात काटे गेले.

सर्जेराव धावत आले. "लेका, ते पाहुणे हाईत. पाहुणा आला की अडवायचं न्हाई. गळ्यात हार घालायचा, हातात नारळ द्यायचा, हाताला धरून आत न्यायचं. कळलं?"

"कळलं आण्णा."

मंत्री पावणेपाचला आले. दहा मिनिटं बोलले, त्यांतली आठ स्वतःबद्दल. खेळ सुरू झाला तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. एका बाजूला गावच्या भैरवनाथ तालमीचा संघ, दुसऱ्या बाजूला काठमांडू. अंधार पडेल म्हणून सामना चाळीस-चाळीस मिनिटांचा केला होता. मैदानाला प्रकाशझोताचे चार खांब आहेत. खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. दिवे नाहीत.

विसाव्या मिनिटाला काठमांडूनं एक खेळाडू बदलला. नवा खेळाडू रेघेवर येऊन उभा राहिला. तातोबानं पाहिलं, पाहुणा आलाय. त्यानं त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, हातात नारळ दिला आणि हाताला धरून मैदानाच्या मध्यापर्यंत नेऊन सोडलं. खेळाडू नवखा होता. त्यानं हार काढला नाही आणि नारळही टाकला नाही. रेफरीनं खिशातली नियमांची वही काढली. नारळ घेतलेल्या खेळाडूबद्दल तिच्यात काही नव्हतं. सहा मिनिटं गेली.

"तात्या, तू माझं वाटोळं करणार," सर्जेराव म्हणाले. "सामना चालू असताना रेघेच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. रेफरी सोता तुला बोलवंल, तेव्हाच जायाचं."

"सोता मला. बरं."

उत्तरार्धात तालमीचा कप्तान घोटा धरून खाली बसला. रेफरी ओरडला, "स्ट्रेचर!" तातोबा स्ट्रेचर घेऊन रेघेपर्यंत आला. स्ट्रेचर आत ढकललं आणि स्वतः बाहेर उभा राहिला.

"अरे ये की आत," रेफरी म्हणाला.

"कुणाला म्हणता?"

"तुलाच. दुसरा हाय का हितं कोण?"

"नाव घ्या की मग. आण्णा म्हणल्यात, मला बोलवाय पायजे."

रेफरी परगावचा. त्याला नाव माहीत नव्हतं. तेवढ्यात कप्तान उठला, स्ट्रेचर ओलांडून लंगडत बाहेर आला आणि तातोबाकडे बघत खाली बसला.

आता सर्जेरावांचा आवाज बसला होता. त्यांनी तातोबाला आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला दोघांना समोर उभं केलं. "नीट ऐका. ग्राउंडात माणूस आडवा दिसला की कुणाची वाट बघायची न्हाई. आधी उचलायचा. ओरडला तरी सोडायचा न्हाई, दुखण्यात माणूस काय बी बोलतो. गाडीत घालायचा आन् थेट सरकारी दवाखाना."

"व्हय आण्णा," तातोबा म्हणाला.

"व्हय आण्णा," ड्रायव्हर म्हणाला.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. साडेसहा वाजून गेले होते. टायब्रेकर सुरू झाला तेव्हा समोरच्या माणसाच्या शर्टाचा रंग कळत नव्हता. तालमीचे पाचपैकी चार गोल झाले. काठमांडूचे चारपैकी तीन. त्यांचा एक फटका उरला होता. तो अडला, तर कप करंजवड्याचा.

तालमीचा गोलरक्षक धैर्यशील चौगले. भैरवनाथ तालमीची एक रीत आहे. अखेरच्या फटक्याआधी गोलरक्षक देवळाकडे डोकं करून गोलरेषेवर साष्टांग दंडवत घालतो. गावातल्या पोराटोरांना हे माहीत आहे. तातोबालाही माहीत होतं. पण सांगितलेलं वेगळं होतं.

धैर्यशील आडवा झाला. तातोबा ड्रायव्हरला म्हणाला, "चला."

"तात्या, सोड. पाया पडतोय मी," धैर्यशील म्हणाला.

"दुखण्यात असं वाटतंय दादा. पड गप."

"अरं माझी मॅच हाय रं."

"लईच लागलेलं दिसतंय," ड्रायव्हर म्हणाला.

दोघांनी त्याला पट्ट्यानं स्ट्रेचरला बांधलं आणि मागच्या फाटकानं नेलं. त्या अंधारात रेफरीला गोलाचे खांब दिसत होते, हे त्यानं नंतर लिहून दिलं आहे. खांबांमध्ये माणूस दिसत होता का, हे लिहिलेलं नाही. त्यानं शिट्टी वाजवली. काठमांडूच्या खेळाडूनं फटका मारला. काहीतरी धप्प वाजलं. रेफरीनं लाइनमनकडे पाहिलं. लाइनमननं व्यासपीठाकडे पाहिलं. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, "धैर्यशील चौगलेची अप्रतिम झेप! कप आपला!" मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी वाजवल्यावर सगळ्यांनी वाजवल्या. गुलाल उडाला. श्रेष्ठ विचारत राहिले की गोलात कोण होतं. त्यांच्या गळ्यात हार घालण्यात आला.

फाटकासमोरच्याच सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी धैर्यशीलला विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, काय न्हाई होत, मला सोडा. डॉक्टरांनी डोक्याला मार असेल म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

सोमवारी स्पर्धा समितीनं दोन कागद काढले. दोन्हींवर सर्जेराव इंगवले यांची सही आहे. पहिला कागद धैर्यशीलला दिलेलं मानपत्र. त्यात म्हटलं आहे की सहा वाजून पन्नास मिनिटांनी गोलात उभं राहून त्यानं अखेरचा फटका अडवला, म्हणून कप करंजवड्याचा. दुसरा कागद तातोबाला. त्यात म्हटलं आहे की अखेरच्या फटक्याआधी त्यानं गोलरक्षकाला गोलातून उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून आजपासून त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे.

तातोबाला वाचता येतं, फक्त वेळ लागतो. त्यानं आपला कागद वाचला. मग तालमीत जाऊन भिंतीवर लावलेलं मानपत्र वाचलं. मग सर्जेरावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आण्णा, एक इचारू?"

"आता काय?"

"दादा गोलात हुता, तर मी न्हेला कुणाला? आन् मी दादाला न्हेलं, तर गोलात कोण हुतं?"

"तात्या, जा घरी."

"जातो. पर कुठला कागद खरा ते सांगा. खोटा हाय तो परत देतो."

सर्जेराव आत गेले आणि दार लावून घेतलं. समितीच्या बाकीच्या अकरा सभासदांना हाच प्रश्न लेखी विचारला आहे. नऊ जण म्हणतात, सर्जेरावांना विचारा. दोघे गावी नाहीत. दवाखान्याच्या नोंदवहीत धैर्यशील चौगले दाखल झाल्याची वेळ सहा वाजून पन्नास मिनिटं अशी आहे.